लुंकाचं फाटक आणि ओतिलियाबाई

आमच्या दरीत शहराकडे जायला रस्ता एकच. वर डोंगर, डोंगराच्या उतारावर घरं, घरांच्या पायथ्याशी रेल्वेचा एकेरी रूळ, रुळापलीकडे रस्ता आणि रस्त्याला खेटून नदी. यापेक्षा जास्त जागा देवाने आम्हाला दिलेली नाही. मी लहान होतो तेव्हा लुंका म्हणजे प्लमच्या बागांचं गाव होतं. पुढे शहरातली घरं परवडेनाशी झाली तशी माणसं लुंकात येऊन राहू लागली. बागा तुटल्या, इमारती उठल्या, एकेका घरापुढे दोन दोन मोटारी उभ्या राहिल्या. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. सकाळच्या कोंडीत पोरं मोटारीतच दात घासायची, मोटारीतच वेण्या घातल्या जायच्या, आणि एखादा बाप्या आरशात बघून दाढीही उरकून घ्यायचा.

मी त्या रस्त्यावर शहराची बस चालवायचो. माझं नाव अक्सेंते. पण सांगायचंय ते ओतिलिया होस्सूबद्दल.

ओतिलियाबाई रेल्वेतल्या गँगमनची मुलगी. रुळालगतच्या खोलीत जन्मली, रुळालगतच वाढली आणि लुंकाच्याच स्टेशनात लाल टोपी घालून स्टेशन मास्तर झाली. बाई अंगाने रुंद, चालणं हळू, पण आवाज असा की फलाटाच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाचा माणूस सिगारेट विझवायचा. पुढे प्रवासी गाड्या कमी होत होत दिवसाला दोनच उरल्या आणि स्टेशनला कुलूप लागलं. नवरा आधीच गेलेला, मुलगा स्पेनमध्ये. तो म्हणाला, "आई, इकडे ये, ऊन आहे." ती म्हणाली, "उन्हात बसून करू काय?" आणि शहराच्या बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून चिकटली.

तेव्हापासून रोज सकाळी वायरलेसवर तिचा आवाज यायचा.

"अक्सेंते, कुठं पोचलास?"

"ताई, मगाशी जिथं होतो तिथंच."

"बरं. हलू नकोस हं तिथनं."

अशी चेष्टा चालायची. दुसरं करणार तरी काय?

एका जानेवारीत वीटभट्टीच्या वळणावर बिटाचा ट्रक उलटला. सगळा रस्ता लालभडक बिटांनी भरला, त्यावर बर्फ पडत होता, आणि माझ्यापुढे आमच्याच चार बस एकामागे एक उभ्या. तास गेला, दुसरा गेला. बसमधली हवा कोंदली तशी माणसं खाली उतरून पाय आपटत उभी राहिली. तेवढ्यात रुळावरून दोन डब्यांची गाडी आली. दिवे लागलेले, आत ऊब दिसत होती, आणि माणूस एकही नाही. गाडी शहराच्या यार्डात परत चालली होती. एका आजीबाईंनी नातवाला कडेवर घेऊन हात केला. गाडीच्या चालकाने सभ्यपणे शिट्टी वाजवली आणि तो निघून गेला.

मी वायरलेसवर हे सांगितलं. ओतिलियाबाईंनी तिथल्या तिथे रेल्वेच्या कंट्रोलला फोन लावला. फोन लाउडस्पीकरवर होता आणि घाईत वायरलेसचं बटण दाबलेलंच राहिलं, त्यामुळे पुढचं बोलणं आम्ही सगळ्या चालकांनी ऐकलं. पलीकडे लोरिंक बार्था होते. हंगेरियन माणूस, रेल्वेत वाढलेले, नियमाला पक्के.

"बार्थासाहेब, तुमची रिकामी गाडी आत्ता वीटभट्टीपाशी आहे. जरा थांबवा. माझी माणसं बर्फात उभी आहेत."

"होस्सूबाई, ती प्रवासी गाडी नाही. ती यार्डात चाललीय."

"डबे आहेत ना तिला? दारं आहेत ना?"

"तिकीट बसचं काढलेला माणूस माझा प्रवासी होत नाही."

"मग कोणाचा होतो? माझी बस हलत नाही, तुम्ही गाडी थांबवत नाही. तो माणूस आहे तरी कोणाचा, लोरिंक?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग ओतिलियाबाईंचा मोठा श्वास आणि मग, "अक्सेंते, त्या आजींना तुझ्या सीटमागे बसव. हीटर वाढव."

दुसऱ्या दिवशी ती आगारप्रमुखांच्या खोलीत गेली. आगारप्रमुख भला माणूस, पण निवृत्तीचे दिवस मोजत बसलेला. तो म्हणाला, "ओतिलिया, आपण बस चालवायच्या. रेल्वेचं रेल्वे बघेल, सिग्नलचं सिग्नलवाले बघतील, आणि मिनीबसवाले तर बिशपने सांगितलं तरी ऐकायचे नाहीत."

"म्हणूनच म्हणते, सगळ्यांना एका टेबलाशी बसवू."

"बसव. पण माझ्या टेबलाशी नको."

तिने कँटीनची मागची खोली मागून घेतली. दर सोमवारी दुपारी तिथे जेवण, आणि जेवणावर दरीचा विचार, असा तिचा बेत. रेल्वेला निरोप गेला, मिनीबसवाल्यांना गेला, नगरपालिकेला गेला. सोमवारी तिने घरून भलं मोठं पातेलं आणलं, कोबीच्या पानांत खिमा-तांदूळ भरून शिजवलेलं. कोणी आलं नाही. आम्ही चालकांनी ते चाटूनपुसून संपवलं. पुढच्या सोमवारी पुन्हा पातेलं, पुन्हा कोणी नाही. असं किती सोमवार चाललं कोण जाणे. आम्ही थट्टा करायचो, "ताई, रेल्वेवाले न येवोत! आमची चंगळ आहे."

ती हसायची, रिकामं पातेलं उचलायची, आणि मंगळवारी सकाळी पुन्हा पहिला फोन बार्थासाहेबांना. नुसतं सोमवारचं आमंत्रण नाही. आज कोंडी कुठे आहे, बस किती उशिरा आहेत, तुमची गाडी कुठून रिकामी गेली, हे सगळं ती त्यांना रोज ऐकवायची, न विचारता.

ईस्टरच्या सुमाराला बार्थासाहेब आले ते भांडायलाच. दारातच टोपी काढून म्हणाले, "होस्सूबाई, माझे लोक मला विचारतात, साहेब, ही रोज फोन करणारी बाई कोण? माझी बायकोसुद्धा विचारते!"

"बायकोला सांगा, म्हातारी आहे. बसा."

ते बसले. खाल्लं. रुमालाने मिशी पुसली आणि म्हणाले, "पॅप्रिका कमी आहे."

पुढच्या सोमवारी ते आले तेव्हा खिशात स्वतःची पॅप्रिकाची, म्हणजे लाल मिरचीपुडीची, डबी होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या बाईचं काहीतरी जमणार.

खरी पंचाईत होती ती गेलूची. गेलू तिचा सख्खा धाकटा भाऊ आणि मिनीबसवाल्यांचा म्होरक्या. या मिनीबस आमच्या बसच्या पुढे घुसायच्या, हात दिसेल तिथे भर रस्त्यात थांबायच्या आणि मागची अख्खी रांग तुंबवायच्या. ओतिलियाबाईंचं म्हणणं असं, की मिनीबसने मोठा रस्ता सोडावा. डोंगराच्या गल्ल्यांत, जिथे बस वळतच नाही, तिथली माणसं गोळा करून लुंकाच्या स्टेशनात आणावीत. तिथून अर्ध्या अर्ध्या तासाने रेल्वेची गाडी सुटेल. बसचं तिकीट गाडीत चालेल, गाडीचं बसमध्ये. ज्याला बस सोयीची त्याला बस, ज्याला गाडी त्याला गाडी, आणि मोटार घरी. बार्थासाहेबांनी गाड्या कबूल केल्या होत्या, आणि सप्टेंबरात पंधरवडाभर हे करून बघायला तिने नगरपालिकेची परवानगीही मिळवली होती.

गेलू कँटीनमध्ये आला, पण उभाच राहिला.

"ताई, माझ्या पोटावर पाय देतेस आणि वर जेवायला बोलावतेस?"

"पोटावर पाय नाही देत, गेलू. तुझं पोट रोज सकाळी वीटभट्टीपाशी अडकून बसलेलं असतं, ते बाहेर काढते."

"शहरात जाणारा माणूस मी आयता रेल्वेच्या हाती देऊ? बाबा असते तर..."

"बाबा असते तर पहिल्या गाडीत बसले असते. ते रेल्वेचे होते, विसरलास?"

गेलू पाय आपटत निघून गेला. आठवड्याभराने निरोप आला, की नगरपालिकेने सप्टेंबरातल्या पंधरवड्याची परवानगी दिलीय ना, तर त्या पंधरवड्यापुरत्या चार मिनीबस देतो. त्याने दिलेल्या चारही गाड्या त्याच्याकडच्या सगळ्यांत जुनाट होत्या. एकीचं दार दोरीने बांधलेलं.

सप्टेंबरात शाळा उघडल्या त्या सोमवारी हे सुरू झालं. स्टेशनचं कुलूप निघालं, फलाट झाडला गेला, बार्थासाहेब स्वतः उभे. आणि पहिल्या तासातच सगळ्याचा विचका झाला.

कारण होतं फाटक. उतारावरच्या घरांतून मोठ्या रस्त्याला किंवा स्टेशनात यायचं तर रूळ ओलांडावा लागतो. दिवसाला दोन गाड्या होत्या तोवर फाटक पडलं काय आणि न पडलं काय, कोणाला फरक पडत नव्हता. आता गाडी आली की फाटक पडायचं आणि लुंकाकडे वळू पाहणाऱ्या मोटारींची शेपटी मोठ्या रस्त्यावर साचायची. त्या शेपटीमागे मी, माझी बस आणि माझ्यामागे सगळी दरी. वरच्या बाजूला गल्लीत दुसरी शेपटी, आणि तिच्यात गेलूच्या चारही मिनीबस. गाडी स्टेशनात आली, थांबली, आणि जवळजवळ रिकामीच निघून गेली. तिचे प्रवासी गल्लीत अडकून तिच्याकडे बघत होते.

फलाटावर लोक ओतिलियाबाईंच्या अंगावर धावून आले. एक टायवाला ओरडला, "कोणाची ही अक्कल?"

"माझी," ती म्हणाली.

"मग घाला ती चुलीत!"

ती तिथून हलली नाही. प्रत्येकाचं ऐकून घेतलं. गेलूने मिनीबसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून टाळ्या वाजवल्या. "ताई, अभिनंदन! इतके दिवस नुसता रस्ता अडकायचा. आता गाडीपण अडकवून दाखवलीस!"

दुपारी मागच्या खोलीत ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसली होती. आम्हाला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "जन्मभर मी फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहिले. फाटकाबाहेर थांबलेल्या माणसाचा विचारच माझ्या डोक्यात आला नाही." मग उठली, कोट चढवला. "अक्सेंते, सिग्नलचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे रे?"

मी तिच्याबरोबर गेलो. तिथे स्मारांदा नावाची तरुण इंजिनियर होती. जर्मनीत शिकून आलेली, केस आखूड, टेबलावर सूर्यफुलाच्या बियांच्या सालांचा ढीग. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "सोमवारच्या जेवणाला मला का नाही बोलावलंत?"

"मी नगरपालिकेला निरोप धाडला होता."

"नगरपालिकेत शंभर दारं आहेत, बाई. निरोप भलत्याच दारात पडून राहिला असेल."

"आणि मला वाटलं, सिग्नल पोलिसांचे असतात."

"पोलिस दंड करतात. दिवे माझे आहेत." मग कागद ओढून तिने भराभर रेघा मारल्या. "तुमचं फाटक वाईट नाही. ते मुकं आहे, एवढंच. गाडी येतेय हे माझ्या दिव्यांना आधी कळलं पाहिजे. म्हणजे फाटक पडायच्या आत मी लुंकाची गल्ली रिकामी करते. फाटक पडलं की गल्लीत वळणाऱ्यांना लाल दिवा देऊन त्यांच्या स्वतंत्र पट्टीत थांबवते, आणि सरळ जाणाऱ्याला हिरवा, त्यातही बसला आधी. जो वेळ तुम्ही आज वाया घालवला, तोच वेळ मोठ्या रस्त्याला मिळेल."

ओतिलियाबाईंनी तो कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "पोरी, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कोणी?"

अडचण अशी, की रेल्वेची तार शहराच्या खांबाला जोडायची तर बार्थासाहेबांच्या हिशेबाने कागद वर्षभर फिरले असते. "रेल्वेचा सिग्नल म्हणजे काय दिवाणखान्यातला दिवा आहे?" ते म्हणाले.

"तार होईल तेव्हा होईल," स्मारांदा म्हणाली. "तोवर तोंड आहे की आपल्याला."

दुसऱ्याच दिवशी कँटीनच्या मागच्या खोलीत तीन टेबलं लागली. एकाशी बार्थासाहेबांचा माणूस, एकाशी स्मारांदा तिच्या संगणकासह, मध्ये ओतिलियाबाई वायरलेस घेऊन. गाडी आधीच्या स्टेशनातून सुटली की रेल्वेचा माणूस सांगायचा, "सुटली!" स्मारांदा दिवे बदलायची, ओतिलियाबाई आम्हाला सांगायची, "अक्सेंते, दामटव, रस्ता तुझा आहे." मला खरंच वाटेना. फाटक पडत होतं आणि मी चालत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिव्या कमी झाल्या. पंधरवडा संपताना नगरपालिकेने नाक मुरडत का होईना, शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत वाढवली.

गेलूच्या त्या चार मोडक्या गाड्यांचे चालक आता गल्ल्यांत फिरत होते. बाकीचे अजून कोंडीत. एके दिवशी त्या चौघांतला एक आजारी पडला म्हणून गेलू स्वतः त्याची गाडी घेऊन निघाला. दुपारी तो कँटीनमध्ये आला, या वेळी खुर्ची ओढून बसला.

"ताई, एक सांगतो, हसायचं नाही."

"नाही हसत."

"मला मूतखडा आहे. डॉक्टर म्हणतो, पाणी पी. पाणी प्यालो तर कोंडीत जाऊ कुठं? इतकी वर्षं मी तहान मारून गाडी चालवली. आज प्रत्येक फेरीला स्टेशनात संडास! आज मी पोटभर पाणी प्यालो, ताई."

ओतिलियाबाईंनी दिलेला शब्द मोडला. खोलीतले सगळेच हसले आणि शेवटी गेलूही हसला. पण सगळ्या मिनीबस वळवायला तो तयार झाला नाही. "माझे लोक अडाण्यासारखे वागतात ते माहितेय मला. पण जबरदस्ती केली तर माझंही ऐकणार नाहीत. वेळ दे."

तो वेळ द्यायला नदी तयार नव्हती. मार्चमध्ये डोंगरावरचा बर्फ एकदम वितळला, नदी फुगली, आणि एका पहाटे वीटभट्टीपाशी अर्धा रस्ता नदीत गेला. उरलेल्या अर्ध्याला भेग. पोलिसांनी दोन्हीकडून रस्ता बंद केला. रूळ वर असल्यामुळे शाबूत होता.

मी आगारातच होतो. ओतिलियाबाई खोलीत शिरली तेव्हा बार्थासाहेब तिच्या आधी पोचलेले. त्यांच्या कानाला फोन होता आणि ते आधी हंगेरियनमध्ये आणि मग आमच्या भाषेत कोणा वरच्या साहेबाला सांगत होते, "मालगाडी बाजूच्या लाइनवर उभी राहील. नाही, दुपारपर्यंत नाही सुटणार. लेखी पाठवा, लेखी उत्तर देतो." फोन ठेवून ते तिला म्हणाले, "यार्डातून आणखी चार डबे काढलेत. जुने आहेत, पण दारं आहेत."

स्मारांदाने शहराच्या वेशीपासूनचे दिवे बदलून मोटारी माघारी वळवायला सुरुवात केली होती. ओतिलियाबाईंनी आम्हा बसवाल्यांना दोन भागांत वाटलं. काहीजण शहराच्या अलीकडच्या छोट्या स्टेशनात, उतरलेल्या माणसांना पुढे न्यायला, आणि काहीजण लुंकाच्या बाजूला. मग तिने गेलूला फोन लावला. लाउडस्पीकरवर मागे हॉर्नचा कल्ला ऐकू येत होता.

"गेलू, तुझ्या गाड्या..."

"स्टेशनात आहेत. सगळ्या. ओरडू नकोस, फक्त सांग, म्हातारी माणसं आधी आणू की शाळेची पोरं?"

ती भिंतीवरच्या नकाशाकडे वळली. मग म्हणाली, "दवाखान्याच्या पाळीवाल्या नर्सेस आधी. मग पोरं."

त्या दिवशी मी छोट्या स्टेशनावरून इतक्या फेऱ्या मारल्या की हात भरून आले. गाड्या खचाखच भरून येत होत्या, माणसं उतरत होती, समोर बस उभी असायची, सिग्नल हिरवा असायचा. कोणी दाराला लटकलं नाही, कोणी तिकिटावरून भांडलं नाही. रस्ता नदीत वाहून गेला होता आणि शहरातली एकही शाळा बंद राहिली नाही. संध्याकाळी मागच्या खोलीत बार्थासाहेबांनी कपाटामागे लपवलेली पालिंकाची बाटली काढली, प्लमची दारू, त्यांच्या सासऱ्यांच्या घरची. मी चालक, मला वासच. ओतिलियाबाईंनी एक घोट घेतला, बूट काढले आणि सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले. "लोरिंक," ती म्हणाली, "उद्या सकाळची पहिली गाडी थोडी आधी सोडता येईल का?"

"बाई, आजचा दिवस तरी संपू द्या!"

"संपलाच की. म्हणून तर उद्याचं विचारते."

रस्ता बांधून व्हायला उन्हाळा लोटला. तोवर लोकांना गाडीची सवय झाली. नवा रस्ता झाला तेव्हा त्यावर बससाठी वेगळी पट्टी आखली गेली. कोणाला ती मागावी लागली नाही. पुढे तारही जोडली गेली, मोठ्या काचांचं नियंत्रण केंद्र उभं राहिलं आणि स्मारांदा त्याची प्रमुख झाली. ते योग्यच झालं. तिला ते येतं. कोंडी पार गेली असं मी म्हणणार नाही. पावसाळी सोमवारी अजूनही वीटभट्टीपाशी मोटारी चिकटून उभ्या असतात आणि हॉर्न वाजतात. पण कोंडीत अडकायचं की नाही हे आता ज्याचं त्याला ठरवता येतं, आणि पूर्वी ते कोणालाच ठरवता येत नव्हतं.

ओतिलियाबाई आता निवृत्त झाली. मुलगा अजून बोलावतो. मध्ये ती महिनाभर जाऊन आली आणि म्हणाली, तिथल्या बस वेळेवर येतात, करमत नाही.

दरीच्या वरच्या टोकाला मागुरा नावाचं खाणगाव आहे. तिथपर्यंत रूळ जातो, पण गाडी जात नाही. तिथल्या सरपंचाला ओतिलियाबाई गेल्या शरद ऋतूपासून भेटतेय. तो तिला कॉफी पाजतो आणि म्हणतो, "बघू." मागच्या आठवड्यात मी विचारलं, "ताई, या वयात कशाला? त्याला नकोय ते."

ती भाजीच्या पिशव्या खाली ठेवून दम खात होती. म्हणाली, "त्याला नकोय, पण त्याच्या खालच्या कारकुनाला हवंय. मी परवा त्याच्याशी बोलले. बायको शहरात नोकरीला आहे त्याची." मग पिशव्या उचलल्या. "गुरुवारी पुन्हा जाणार आहे. येतोस?"

मी म्हटलं, येतो.